'सत्तांतर'मधली वानरं आणि आपला निकाल



माणूस नीतीनं श्रेष्ठ की पशू, असा विषय दिला की वक्त्याच्या खिशात दोन भाषणं तयार असतात. पहिलं असं : माणसाला बुद्धी आहे, धर्म आहे, कायदा आहे, म्हणून तो वरचा. दुसरं असं : वाघ भूक लागल्याशिवाय मारत नाही, जनावर दगा देत नाही, खरा पशू माणूसच. दुसऱ्या भाषणाला टाळ्या जास्त पडतात. पण ज्यांच्या वाडग्यात बिबट्या शिरलाय त्यांना विचारा. एक शेळी उचलून तो निघून जातोच असं नाही. कधी पाच-सात मारतो आणि नेतो एकच. तेव्हा जनावर म्हणजे संत, हेही काही खरं नाही.

मला यातलं एकही भाषण करायचं नाही. त्यापेक्षा एका पुस्तकाबद्दल बोलू. आपल्या कोरेगावातून जाणारा सातारा-पंढरपूर रस्ता धरला की पुसेगाव लागतं आणि पुढं माणदेश सुरू होतो. त्या माणदेशातलं, आटपाडी तालुक्यातलं माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचं गाव. 'बनगरवाडी' आपण बहुतेकांनी वाचलेली असते. 'सत्तांतर' मात्र त्या मानानं कमी वाचली जाते. १९८२ सालची ही छोटी कादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची पात्रं म्हणजे वानरं. टोळ्या, त्यांच्या हद्दी, माद्या, पिल्लं, आणि बाहेरून येऊन टोळीच्या प्रमुखाला हुसकावणारा नर. सत्ता बदलते आणि नवा नर जुन्याची पिल्लं मारतो.

इथं वाचक थबकतो. दूध पिणारं पोर मारायचं? आपल्या तोंडात शब्द तयार असतो : राक्षस. माडगूळकर तो शब्द पुरवत नाहीत. धिक्कार करत नाहीत आणि नराची बाजूही घेत नाहीत. माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण याच संयमात आहे.

यात लेखकाची कल्पना किती, असं कुणाला वाटेल. तर माडगूळकरांच्या आधी अभ्यासकांनी हे पाहिलेलं होतं. १९६० च्या दशकात युकिमारु सुगियामा या जपानी अभ्यासकानं आपल्या शेजारच्या धारवाड भागात वानरांचं निरीक्षण केलं आणि टोळी बदलताना पिल्लं मारली जातात याची नोंद केली. सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटलं, हा बिघाड असणार, गर्दी झाली म्हणून वानरं बिथरली असणार. पुढं सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षं वानरं पाहिली. त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की हा बिघाड नाही. अंगावर पिणारं पोर असेल तोवर मादी सहसा माजावर येत नाही. पोर गेलं की लवकर येते. नव्या नराला टोळीत राहायला मिळणारा काळ थोडा असतो, त्यामुळं पिल्लं मारणाऱ्या नराचा वंश पुढं जातो. यावर अभ्यासकांत खूप वाद झाले. पण हर्डींनी आणखी एक गोष्ट दाखवली. माद्या गप्प बसून बघत नाहीत. त्या नराच्या अंगावर जातात, एकमेकींच्या मदतीला धावतात. आणि याच टोळीत नुकतं जन्मलेलं पोर एकीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत फिरतं, सगळ्याजणी ते सांभाळतात.

म्हणजे बघा, माया आणि हत्या एकाच झाडावर. आता या टोळीला नीतीच्या परीक्षेत किती गुण देणार? पोर मारलं म्हणून शून्य द्यायचे, की दुसरीचं पोर सांभाळलं म्हणून पैकीच्या पैकी?

आता कादंबरीबद्दलची माझी तक्रार. ती तिच्या नावापासून सुरू होते. 'सत्तांतर' हा माणसांच्या राजकारणातला शब्द. १९७७ आणि १९८० ची दोन सत्तांतरं बघितलेल्या वाचकापुढं हे नाव आलं. मग अनेकांनी ही कादंबरी राजकारणाचं रूपक म्हणून वाचली. हा नर म्हणजे अमका पुढारी, ती टोळी म्हणजे तमका पक्ष. हे वाचन चटपटीत आहे, पण त्यात वानर नाहीसं होतं. आपल्या पुढाऱ्यांना हसायला आपण वानराचं कातडं वापरतो, एवढंच उरतं. गंमत अशी की त्यात पुढारीही सुटतो. 'सत्ता म्हणजे असंच असतं, निसर्गच तो' असं म्हटलं की त्याला जाब कोण विचारणार? नाव देताना माडगूळकरांनी ही पळवाट उघडी ठेवली असं मला वाटतं. आतला मजकूर त्या नावापेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

आपली ही सवय जुनीच आहे. नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथा सुंदर आहे. पण परीक्षा नाथांची आहे, गाढवाची नाही. आणि ते बरोबरच आहे. परीक्षेला माणूसच बसू शकतो.

मला म्हणायचंय ते एवढंच. नराला 'तू हे का केलंस?' असं विचारता येत नाही. दोन वर्षांचं पोर चावलं तर आपण त्याला अनीतिमान म्हणत नाही, तसंच हे. माया पशूंत आहे, रागलोभ आहेत. आपलं वेगळेपण मायेत नाही, आपल्याला जाब विचारता येतो यात आहे. हे काही बक्षीस नाही, ते ओझं आहे. आणि जाब देता न येणाऱ्याशी कसंही वागावं, असा याचा अर्थ मुळीच होत नाही. त्या दोन वर्षांच्या पोराला जबाबदारी नाही, म्हणून आपण त्याला मारायला मोकळे होतो का?

आता पुसेगावच्या रस्त्यावर परत या. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, बैलगाड्यांच्या शर्यती होतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो बदल वैध ठरवला. या सगळ्या काळात एक बाजू म्हणत होती, बैल आमच्या पोरासारखा आहे. दुसरी म्हणत होती, माणूस क्रूर आहे. दोन्ही वाक्यं माणसाच्या स्वभावाबद्दलची आहेत. एका विशिष्ट बैलाच्या पाठीवर त्या दिवशी काय झालं, याचं उत्तर दोन्हींत नाही.

ते उत्तर नियमांत शोधा. चाबूक नको, टोचणी नको, विजेचा झटका नको, असं नियमांत लिहावं लागलं. कुणी तरी करत असल्याशिवाय असं कोण लिहील? वानरांच्या टोळीत असा कागद नसतो. कागद करणारेही आपणच आणि तो मोडणारेही आपणच. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याबद्दलचा केंद्राचा कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. क्रूरता वाईट हे आपल्याला कळलं होतं म्हणून कायदा केला, आणि त्या कळण्याची किंमत आपण पन्नास रुपये लावली.

म्हणून श्रेष्ठ की नीच, हा सामना मला पळवाट वाटतो. श्रेष्ठ म्हटलं की अहंकार सुखावतो. नीच म्हटलं की 'माणूसजातच अशी' म्हणून प्रत्येकजण मोकळा होतो. दोन्हीकडे गाडीवान सुटतो, आणि टाळ्या वाजवणारे तुम्ही-आम्हीही सुटतो.

'सत्तांतर' वाचा. वाचताना त्या नराला शिवी द्यावीशी वाटेल, ती जरा आवरा. आणि पुढच्या यात्रेत गाडी सुटायच्या आधी गाडीवानाच्या हाताकडे बघा, काही दिसलं तर तिथंच विचारा.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.