वरच्या मजल्यावरचा खून, तळघरातले साक्षीदार

जून १८६०च्या अखेरीस विल्टशरमधल्या रोड या गावी केंट कुटुंबाच्या घरातून चार वर्षांचंही न झालेलं मूल रात्रीतून नाहीसं झालं. सापडलं ते आवारातल्या संडासात, गळा चिरलेलं. दिवाणखान्याची खिडकी उघडी होती, तरी संशय फिरून फिरून घरातल्यांवरच येत होता. स्थानिक पोलिसांना काही उलगडेना, तेव्हा स्कॉटलंड यार्डनं जॅक विचरला धाडलं. विचरनं बोट ठेवलं ते धुण्याच्या हिशेबावर. मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स सोळा वर्षांची. तिचे रात्री घालायचे झगे तीन असायला हवे होते, भरले दोनच. विचरसारख्या माळ्याच्या मुलानं प्रतिष्ठित घरातल्या लेकीच्या झग्यांची मोजदाद करावी, हे अनेकांना सहन झालं नाही. पुरावा अपुरा म्हणून मुलगी सुटली आणि विचरच्या कारकिर्दीला उतरती कळा लागली. पाच वर्षांनी कॉन्स्टन्सनं स्वतःहून गुन्हा कबूल केला.

विल्की कॉलिन्सनं १८६८ साली ‘द मूनस्टोन’ लिहिली तेव्हा हे प्रकरण त्याच्या डोक्यात होतं. त्यानं रहस्याच्या मध्यभागी हिरा ठेवला, १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्यानं बळकावलेला. पण नाहीसा झालेला झगा आणि धुण्याची वही त्यानं रोडच्या घरातूनच उचलली. कादंबरीतला गुप्तहेर सार्जंट कफ दाराच्या ओल्या रंगावर पडलेला फराटा पाहतो आणि वही मागवतो. रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीनं एकटीनं जे पाहिलं आणि लपवलं, त्याशिवाय या कादंबरीचं कोडं सुटूच शकत नाही.

कंट्री हाउसमधल्या, म्हणजे गावाकडच्या बड्या घरातल्या, खुनाच्या कादंबरीचा पाया असा पडला. या प्रकाराचा विषय निघाला की बर्फात अडकलेले पाहुणे, बंद खोली आणि शेवटी दिवाणखान्यात भरणारी बैठक यांचीच चर्चा होते. ती सजावट झाली. असं घर चालतं ते माणसं राबतात म्हणून. चहा कुणी नेला, अंथरुणं कुणी घातली, शेगडी कधी पेटली, कप किती परत आले, याची रोजची बिनचूक घडी असते आणि गुन्हा ती कुठेतरी विस्कटतो. घर राबताना दाखवणाऱ्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात. नुसता मजल्यांचा नकाशा छापणाऱ्या बहुतेक विस्मरणात गेल्या, आणि ते योग्यच झालं.

अ‍ॅगथा ख्रिस्तीची ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ पहिल्या महायुद्धात लिहिली गेली, छापून आली १९२० साली. टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधविभागात काम करताना तिला विषांची माहिती झाली होती, त्यामुळे या कादंबरीतल्या स्ट्रिक्निनचं कौतुक नेहमी होतं. खरी बहार मात्र एका शेगडीत आहे. ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना घराची मालकीण झोपायच्या खोलीत शेगडी पेटवायला सांगते. का? युद्धामुळे त्या घरात कागदाचा चिटोराही वाया जात नाही, सगळी रद्दी जपून ठेवली जाते. मग जाडसर कागद नाहीसा करायचा तर जाळण्यावाचून उपाय नाही. मृत्युपत्र जाळलं गेलं, हा गुप्तहेर प्वारोचा निष्कर्ष काटकसरीच्या घरगुती नियमातून निघतो. असा धागा टाकायला घर आतून माहीत असावं लागतं.

पुढच्या दशकात या प्रकाराला खेळाचं रूप आलं. रोनाल्ड नॉक्सनं १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले, १९३० साली चेस्टरटनच्या अध्यक्षतेखाली रहस्यकथालेखकांचा डिटेक्शन क्लब उभा राहिला. वाचकाला फसवायचं नाही, हा आग्रह चांगलाच होता. पण नियम पाळले की कादंबरी झाली असा समजही त्यातूनच पसरला. १९४४ साली अमेरिकन रहस्यकथालेखक रेमंड चँडलरनं ए. ए. मिल्नच्या ‘द रेड हाउस मिस्टरी’ची चिरफाड केली. मेलेला माणूस नेमका कोण, याची साधी चौकशीही पोलिसांनी धड केली नाही, तर हे रहस्य उभंच राहत नाही, असा त्याचा रोख होता. रेड हाउसबाबत चँडलर बरोबर होता. तेच माप त्यानं सगळ्या इंग्लिश परंपरेला लावलं, तिथे तो चुकला.

या परंपरेचा खरा दोष वेगळा आहे. मोलकरणींनी पुरावे पुरवायचे, घाबरायचं, किंचाळायचं आणि पुढच्या प्रकरणात विसरलं जायचं. ख्रिस्तीच्याही पुष्कळ पुस्तकांत हे घडतं. म्हणून ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ (१९५३) वेगळी वाटते. तिथे ग्लॅडिस ही भोळी मोलकरीण मारली जाते आणि खुनी तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून जातो. अनाथाश्रमातून आलेल्या या मुलीला ख्रिस्तीची वृद्ध हौशी गुप्तहेर मिस मार्पल हिनंच घरकाम शिकवलेलं असतं. म्हातारी गाडीत बसून तडक येते ती श्रीमंत घरधन्याच्या खुनासाठी नव्हे, त्या चिमट्यासाठी. मार्पलचा राग इतका उघडा क्वचितच दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानं या घरांचं कंबरडं मोडलं. नोकर मिळेनात, करांचा बोजा झेपेना, कित्येक वास्तू जमीनदोस्त झाल्या. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) हे अभावाच्या काळातलं पुस्तक आहे. स्टाइल्सनंतर तीस वर्षांनी ख्रिस्ती पुन्हा घरातल्या उबेतूनच धागा काढते: इंधनाची टंचाई असताना या घरात सेंट्रल हीटिंग सुरू कसं, हे शेजाऱ्यांच्या नजरेत भरतं. त्याचं उत्तर रहस्याच्या अगदी गाभ्याशी जातं. डेव्हनमधलं ग्रीनवे हे तिचं स्वतःचं घर युद्धात सरकारनं ताब्यात घेतलं होतं. तिथे राहिलेल्या अमेरिकन तटरक्षकांपैकी एकानं ग्रंथालयाच्या भिंतीवर रंगवलेला चित्रपट्टा आजही तसाच आहे. ‘डेड मॅन्स फॉली’ (१९५६) याच घरावरून बेतली. तिच्यात जुन्या घराण्यातली बाई फाटकाजवळच्या छोट्या घरात राहते, मुख्य घर नव्या श्रीमंताचं झालंय आणि शेजारच्या यूथ हॉस्टेलमधली पोरं कुंपण ओलांडून आवारातून खुशाल ये-जा करतात.

नंतरच्या दोन लेखिकांनी बाजूच पालटली. पी. डी. जेम्सच्या ‘कव्हर हर फेस’मध्ये (१९६२) खून होतो तो मोलकरणीचा, आणि सगळे तिला कुमारी माता समजतात. रूथ रेंडेलच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’मध्ये (१९७७) खुनी कोण आणि कारण काय, हे पहिल्याच वाक्यात कळतं: घरकाम करणारी युनिस, आणि तिची निरक्षरता. मालक तिच्याशी चांगले वागतात, पण पुस्तकांनी भरलेल्या त्या घरात तिला किती कोंडल्यासारखं होतं, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. या प्रकारातली ही सर्वांत धारदार कादंबरी. रॉबर्ट ऑल्टमनचा ‘गॉस्फर्ड पार्क’ (२००१) हा चित्रपट याच वाटेचा. त्यातला इन्स्पेक्टर नोकरांना किरकोळ समजतो, म्हणूनच त्याला काही सापडत नाही.

आज या प्रकाराला पुन्हा बरकत आली आहे. ब्रिटिश लायब्ररीनं जुनी पुस्तकं देखण्या मुखपृष्ठांसह परत काढली. त्यांतल्या जेफरसन फारजनच्या ‘मिस्टरी इन व्हाइट’वर (१९३७) वाचकांच्या २०१४ साली उड्या पडल्या. बर्फात अडकलेल्या आगगाडीतून उतरलेली माणसं एका घरात शिरतात. शेगड्या पेटलेल्या, चहाची तयारी झालेली, पण घरात चिटपाखरू नाही. सुरुवात अप्रतिम आहे. पुढे मात्र कथानक योगायोगांच्या भरवशावर सरकतं. पुनर्मुद्रणांच्या लाटेत असं बरंच मध्यम प्रतीचं साहित्यही अभिजात म्हणून खपतं, हे समीक्षकांनी स्पष्ट सांगायला हवं.

नव्यांपैकी स्टुअर्ट टर्टनच्या ‘द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकॅसल’मध्ये (२०१८) नायक एकच दिवस वेगवेगळ्या माणसांच्या शरीरांतून जगतो, त्यांपैकी एक बेदम मार खाल्लेला बटलर असतो. यंत्रणा थक्क करणारी आहे, पण ब्लॅकहीथ हे घर राबतं कसं, याचा पत्ता लागत नाही. अँथनी हॉरोविट्झची ‘मॅगपाय मर्डर्स’ (२०१६) उजवी ठरते. तिच्यातल्या कादंबरीत पाय हॉलची घरकाम सांभाळणारी बाई जिन्याखाली मरून पडते. व्हॅक्यूम क्लीनरच्या वायरीत पाय अडकला म्हणे. मग या आतल्या कादंबरीच्या हस्तलिखिताची शेवटची प्रकरणंच गायब होतात आणि ती शोधायला निघते संपादक सूझन रायलंड. लेखकाच्या लकबी, त्याचे रुसवेफुगवे आणि त्यानं कुणाकुणाला पुस्तकात ओढलंय, हे तिला ठाऊक आहे, कारण त्याच्या पुस्तकांची झाडलोट वर्षानुवर्षं तिनंच केली आहे.