निकष कोणाचा, पैसा कोणाचा?

दलित साहित्याची चर्चा सुरू झाली तेव्हा पहिले भांडण निकषांचे झाले. प्रस्थापितांनी ज्या मापाने आपले साहित्य मोजले त्याच मापाने आमचे मोजले, आणि ते उणे भरले असा निर्वाळा दिला. माप खोटे आहे, माल नव्हे, हे सांगण्यात आमच्या आधीच्या पिढीची हयात गेली. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरीही वैद्यकीय संशोधनातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तिच्यावर खर्च होणारा सरकारी पैसा या विषयावर लिहावेसे वाटते, कारण तेथेही भांडण निकषांचेच आहे. फरक इतकाच, की तेथे उणे भरणारे पुस्तक नसते, माणूस असतो.

2019 मध्ये झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रुग्णालयांत वापरली जाणारी एक संगणकीय आज्ञावली त्यांनी तपासली. कोणत्या रुग्णाकडे अधिक लक्ष पुरवावे हे ती गुण देऊन ठरवी. रुग्णाचा वर्ण तिला सांगितलेलाच नव्हता. मग भेदभाव कोठून आला? तो निकषातून आला. पुढे कोणाला किती शुश्रूषा लागेल हे ठरविण्यासाठी तिने एकच माप धरले होते: त्याच्या उपचारांवर किती पैसा खर्च होईल. परंतु तितक्याच आजारी काळ्या माणसावर गोऱ्यापेक्षा कमी पैसा खर्च होत आला होता. म्हणून समान गुण मिळालेल्यांत काळा रुग्ण प्रत्यक्षात अधिक आजारी निघाला. हा दोष काढला असता तर विशेष शुश्रूषेसाठी निवडल्या जाणाऱ्यांत काळ्यांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर गेले असते, असे संशोधकांनी दाखविले.

हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. आमच्या घरात दुखणे अंगावर काढण्याची रीत होती. ताप आला तर काढा, कंबर धरली तर शेक, आणि सकाळी पुन्हा निंदणीला. मजुरी बुडवून दवाखान्यात जायचे, तेथे दुपारपर्यंत रांगेत बसायचे आणि बाहेरून आणा म्हणून लिहून दिलेली चिठ्ठी पदरात बांधून परत यायचे, हे तिला परवडत नव्हते. तिच्या नावावर औषधपाण्याचा खर्च जवळजवळ नाही. त्या आज्ञावलीपुढे तिला उभी केली असती तर आमच्या वस्तीतील सर्वांत ठणठणीत बाई म्हणून तिची नोंद झाली असती. दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सवर्ण स्त्रियांपेक्षा 14.6 वर्षांनी कमी आहे, हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने 2018 च्या अहवालात दिला आहे. कागदावर जिचा खर्च नाही ती निरोगी समजावी, हा निकष या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

यंत्राला जात नसते, असे आमचे सुशिक्षित मित्र म्हणतात. खरे आहे. वहीलाही जात नसते. पण वहीत कोणाचे नाव लिहिले आणि कोणाचे गाळले, हे वही ठरवीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या नोंदींवरून शिकते. ज्यांच्या नोंदीच नाहीत, किंवा ज्यांच्या नोंदी उपेक्षेनेच लिहिल्या गेल्या, त्यांच्याविषयी ती उपेक्षाच शिकणार.

म्हणूनच सरकारी निधीला महत्त्व आहे. नफ्यासाठी चालणारी कंपनी ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांच्या नोंदी आधी गोळा करील. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2022 मध्ये 'ब्रिज टू एआय' हा चार वर्षांचा, 13 कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातील विचार मला पटतो: यंत्र बनविण्याआधी ज्यावर ते शिकणार ती सामग्री नीट तयार करा. मधुमेहावरील एका प्रकल्पात सुमारे 4,000 माणसांच्या नोंदी घेताना निरनिराळ्या वंशांचे लोक सारख्या प्रमाणात असावेत असा आग्रह धरला गेला. सरकारी पैशाने हे होऊ शकते. पण सरकारची मर्जी फिरली की काय होते तेही तेथेच दिसले. 2025 मध्ये याच संस्थेने आरोग्यातील विषमतेवर चाललेल्या अनेक संशोधनांची अनुदाने रद्द केली. दयेने दिलेले दयेने काढून घेता येते. हक्काचे तसे नसते.

आता आपल्याकडे पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय अभियानासाठी पाच वर्षांकरिता सुमारे 10,372 कोटी रुपये मंजूर केले. हा सर्व पैसा आरोग्यासाठी नाही. पण आरोग्य हे या तंत्राचे मोठे क्षेत्र मानले गेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2023 मध्ये या विषयाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत समावेशकता आहे, भेदभाव नको हेही आहे. तत्त्वे चांगलीच आहेत. पण चांगल्या तत्त्वांचा तुटवडा या देशात कधीच नव्हता. तत्त्व जोवर निधीची अट होत नाही, तोवर ते भिंतीवरच्या सुभाषितासारखे राहते.

येथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. अमेरिकेतील तो दोष सापडला, कारण रुग्णांचा वर्ण नोंदलेला होता. मग आपल्या दवाखान्यांत जात नोंदवावी काय? एका रुग्णालयाच्या खिडकीवर माझे आडनाव ऐकून कारकुनाचा आवाज बदललेला मी ऐकला आहे. केसपेपरवर जात लिहा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण नोंदच नसेल तर अन्याय सिद्ध कशाने करावयाचा? माझ्या मते जात केसपेपरवर नको. संशोधनासाठी ती स्वेच्छेने, वेगळी आणि गुप्त नोंदवावी. तिचा उपयोग माणसाला ओळखण्यासाठी नव्हे, यंत्राची परीक्षा घेण्यासाठीच व्हावा. आणि ही परीक्षा घेणाऱ्या समितीत ज्यांच्या नोंदी घेतल्या ते लोक असावेत.

ही मागणी नवी नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्यात दवाखानेही होते, हे आपण विसरतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तेथवर चालत जावे लागले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला सरकारी तिजोरीत कोणाचा पैसा असतो हे पक्के ठाऊक होते.

माझी आई आयकर भरीत नव्हती. पण काडेपेटी घेताना, चपला घेताना, एस.टी.चे तिकीट काढताना ती कर भरीतच होती. जे यंत्र तिला निरोगी ठरवील त्यात तिचाही पैसा आहे. तेव्हा त्याचा निकष काय, हे विचारण्याचा अधिकार तिच्या मुलीला आहे. तो मी येथे बजावीत आहे.