छायेविना चेहरा : चिनी राजव्यक्तिचित्रे आणि चित्रकाराची दृष्टी

२०१८-१९ मध्ये अमेरिकेतील सेलम व वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत चीनच्या निषिद्ध नगरीतील सम्राज्ञींविषयी एक मोठे प्रदर्शन भरले होते. चिंग म्हणजे मांचू घराण्यातील (१६४४–१९१२) राजस्त्रियांची पूर्णाकृती चित्रे त्यात मांडलेली होती. त्यांच्याच जोडीला कॅथरिन कार्ल या अमेरिकन चित्रकर्तीने रंगविलेले राजमाता त्सशी हिचे तैलचित्रही होते. अशा प्रदर्शनात शिरणारा चित्रकार इतर प्रेक्षकांसारखा पाहत नाही. प्रकाश कोठून येतो, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि नेमके त्याच प्रश्नाला येथे उत्तर मिळत नाही. नाकाची सावली गालावर पडलेली नाही, हनुवटीखाली अंधार नाही, डोळे कोणाकडेही न पाहता समोर पाहतात. ज्याचा हात छायाप्रकाशाच्या अभ्यासाने घडला आहे (मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतील आपल्या बहुतेक व्यक्तिचित्रकारांचा तो तसाच घडला), असा चित्रकार जरीच्या आणि मोत्यांच्या कामाला मनापासून दाद देतो, आणि चेहऱ्यांना ‘मुखवटे’ म्हणून पुढे सरकतो.

हा अभिप्राय इतका सहज दिला जातो की तो तपासून पाहिला पाहिजे. त्याच्या नेमका उलट आक्षेप एकदा घेतला गेला होता, हे येथे आठवावे. १७९३ मध्ये मॅकार्टनीचे इंग्रज शिष्टमंडळ सम्राट चिएनलुंगच्या दरबारी गेले. त्या शिष्टमंडळातील जॉन बॅरो याने १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात असे नमूद केले आहे की, भेटीदाखल नेलेली युरोपीय व्यक्तिचित्रे पाहून, या माणसांच्या चेहऱ्याच्या दोन बाजू खरोखरच दोन रंगांच्या आहेत काय, असे चिनी अधिकाऱ्यांनी विचारले. नाकाची सावली त्यांना चित्रातील मोठा दोष वाटली. बॅरोला हे अज्ञान वाटले. परंतु प्रश्न अडाण्याचा नव्हता. सावली ही त्या घटकेची असते, चेहऱ्याची नसते. दिवा हलविला की ती हलते. चेहऱ्याचे जे कायमचे आहे तेवढेच चित्रात यावे, अशी ज्याची अपेक्षा आहे त्याला सावली डागासारखीच दिसणार.

‘कायमचे’ ही अपेक्षा येथे शोभेची नव्हती. चीनमध्ये ही चित्रे पूर्वजपूजेत टांगली जात. त्यांच्यापुढे नैवेद्य ठेवला जाई. अकराव्या शतकातील तत्त्वचिंतक चेंग यी याने पूजेत चित्र वापरण्यालाच हरकत घेतली होती, आणि त्याचे कारण मोठे मार्मिक आहे: दाढीमिशीत एक केस जरी जास्त झाला तरी पूजा दुसऱ्याच माणसाला पोचेल. याचा अर्थ असा की, चेहऱ्याच्या सादृश्याविषयी या परंपरेचा कटाक्ष युरोपाहून कमी नव्हता, किंबहुना अधिक होता. तिने टाळला तो भाव. आपल्याकडे यशोधराने कामसूत्राच्या टीकेत चित्राची जी षडंगे नोंदविली, त्यांत ‘भाव’ आणि ‘सादृश्य’ ही दोन वेगळी अंगे आहेत. युरोपीय व्यक्तिचित्राच्या संस्काराने आपण ती दोन्ही एकच मानू लागलो, आणि म्हणून भाव दिसला नाही की सादृश्यही नाही असे ठरवून टाकतो.

चिनी चित्रकाराला भाव पकडता येत नव्हता, असेही नाही. चौदाव्या शतकातील वांग यी या व्यक्तिचित्रकाराने आपल्या धंद्यातील लोकांना बजावले आहे की, माणूस मातीच्या पुतळ्यासारखा बसलेला असताना त्याला रेखाटू नका. तो बोलत-हसत असताना पाहा. चिंग दरबारातच सम्राट युंगचेंगने स्वतःला लामाच्या, ताओपंथी साधूच्या, इतकेच नव्हे तर युरोपीय केसांचा टोप घातलेल्या गृहस्थाच्या वेषात काढून घेतले आहे. तेव्हा पूजाचित्रातील निर्विकारता ही निवड आहे. ती एका दिवसात आलेलीही नाही: सुंग सम्राट किंचित वळून बसलेले दिसतात, अगदी समोरासमोरची, दोन्ही अंगे सारखी असलेली बैठक मिंग काळात, पंधराव्या शतकात स्थिरावली. मराठी वाचकाला तिचे मर्म कळण्यास अडचण पडू नये. आपल्या लघुचित्रांत राजे बहुधा एकचश्मी असतात. पुरते समोर तोंड करून बसतो तो देव्हाऱ्यातला देव.

या दृष्टीने सम्राज्ञी श्याओश्येन हिचे चित्र पाहण्यासारखे आहे. ती १७४८ मध्ये वारली; चित्र १७७७ च्या सुमाराचे, म्हणजे समोर बसवून काढलेले नव्हे. ते रंगविणाऱ्यांत झिखेलबार्ट हा बोहेमियातील जेझुइट होता. १७१५ साली चीनला आलेल्या कास्तील्योनेनंतरच्या पिढीतला. जवळून पाहिले तर या मंडळींनी छाया सर्वस्वी टाकलेली नाही असे दिसते. पापणीच्या घडीत, नाकपुडीपाशी, गालाच्या कडेला ती विरळ होऊन राहिली आहे. गोलाई आहे, पण प्रकाशाला दिशा नाही. तैलरंगांत वाढलेल्या माणसाने हे साधावे, ही लहान गोष्ट नाही. त्याच हातांनी १७७१ मध्ये चिएनलुंगची ऐंशी वर्षांची माता काढली, तेव्हा तिचे वय लपविलेले नाही. भाव मात्र येथेही नाही.

आता कार्लकडे वळू. १९०३ च्या ऑगस्टमध्ये, पंचांग पाहून ठरविलेल्या मुहूर्तावर तिने त्सशीचे चित्र सुरू केले. सावली नको, असे तिला सांगण्यात आले, आणि या बंधनाविषयीची नाराजी तिने आपल्या पुस्तकात मोकळेपणी लिहिली आहे. चौकटीसह सुमारे सोळा फूट उंचीचे हे चित्र १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. ते फसले आहे, याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण ते राजाज्ञेमुळे फसले, ही कार्लची बाजू घेणाऱ्यांची उपपत्ती मला पटत नाही. कास्तील्योनेलाही तेच बंधन होते. त्याने छाया सोडताना तिच्या जागी रेषा घेतली. कार्लने छाया काढून टाकली आणि तेथे काही ठेवले नाही. सारा आकार छायेवर तोलणारी तिची तैलरंगपद्धती मग उघडी पडली, आणि अडुसष्टीच्या त्सशीचा चेहरा वय नसलेल्या बाईचा झाला. म्हणजे भाव गेला तो गेलाच, सादृश्यही गेले.

आणखीही एक फरक आहे, आणि तो कार्लच्या हातचा नव्हता. श्याओश्येनचे चित्र ज्यांनी वाकून नमस्कार करायचा त्यांच्यासाठी होते. त्सशीचे चित्र तिकीट काढून येणाऱ्या परदेशी गर्दीसाठी होते. बैठक तीच, समोरासमोरची. पण समोर भक्त नाही. सेलमच्या दालनात दोन्ही चित्रांपुढे प्रेक्षक सारखेच उभे राहिले असतील. कार्लच्या चित्राला तसे उभे राहणारे पहिल्या दिवसापासून मिळाले, श्याओश्येनच्या चित्राला ते संग्रहालयाने मिळवून दिले.