स्टीलकृत जातिरूढिसंग्रह : एक परीक्षण

आर्थर स्टीलनें जमविलेला दख्खनमधील हिंदु जातींच्या कायद्यांचा व चालीरीतींचा सारसंग्रह १८२७ सालीं मुंबईस छापला गेला; १८६८ त लंडनास त्याची नवी आवृत्ति निघाली. पाट व काडीमोड यांविषयीं कांहीं पाहावयाचें झाल्यास आपण संशोधक प्रथम ह्याच पुस्तकास हात घालतों. त्यांतील मजकूर विपुल आहे, हें निर्विवाद. परंतु पोथीच्या लेखकाविषयीं जी चौकशी आपण करतों, ती येथें सहसा होत नाहीं. स्टीलनें पुसलें तें शास्त्र्यांस व जातींच्या पुढाऱ्यांस. पाट लावणारी स्त्री साक्षीस नाहीं.

मनूनें (८.४१) राजास जातिधर्म व जानपदधर्म नीट पाहण्यास सांगितलें आहे. इंग्रजी न्यायासनानें ते पाहिले खरे. पण १८७६ सालीं संभु रघूच्या खटल्यांत मुंबईच्या हायकोर्टानें ठरविलें कीं, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाहीं. नवरा हयात असतां जातीच्या परवानगीनें लावलेला पाट अशा रीतीनें गुन्ह्यांत जमा झाला. हिंदु पुरुषाची अनेक बायका करण्याची मोकळीक मात्र मुंबई इलाख्यांत १९४६ पर्यंत अबाधित राहिली! आमच्या करवीर संस्थानानें १९१९ सालींच घटस्फोटाचा कायदा केला होता, हें येथें नमूद केलें पाहिजे.

तेव्हां स्टीलचा आधार देतांना त्याच्या शेजारीं मराठी दप्तरेंही ठेवावीं. पाटदाम ही सरकारी पट्टी होती. तिच्या वसुलीचे कागद स्टीलच्या आधींचे आहेत, आणि ते कोणा साहेबाच्या प्रश्नास उत्तर म्हणून लिहिलेले नाहींत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद किंवा सोडचिठ्ठ्या असतील, त्यांनीं त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या.