संध्याकाळचं कोर्ट

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, ते दृश्य मला अख्ख्या चित्रपटात सगळ्यात भीतीदायक वाटतं. तिथे घडत काहीच नाही. दिवसा तिने एका म्हाताऱ्या शाहिराला कोठडीत ठेवायला हवं असं न्यायाधीशांना पटवलेलं आहे. आता ती शेजारच्या बाईशी मधुमेहाबद्दल आणि ऑलिव्ह तेलाबद्दल बोलते आहे. पुढे मुलाला घ्यायचं, घरी जाऊन स्वयंपाक करायचा, सगळ्यांना वाढायचं. गीतांजली कुलकर्णींनी हे इतकं साधं केलंय की ती आपली मावशी किंवा शाळेतली बाई वाटते. तिच्याबद्दल राग येत नाही, आणि राग येत नाही याचाच त्रास होतो.

चित्रपट भारतात एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षिसं मिळाली होती, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आला, ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. माझी तेव्हा नुकतीच बारावी झाली होती आणि असा काही चित्रपट आहे हे नामपुरात मला कुणी सांगितलं नव्हतं. चारेक वर्षांनी, नोकरी लागल्यावर, लॅपटॉपवर पाहिला. तेव्हापासून दर वर्षा-दोन वर्षांनी पाहतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नारायण कांबळे हा लोकशाहीर मुंबईतल्या एका वस्तीत कार्यक्रम करतो. काही दिवसांनी वासुदेव पवार नावाचा गटार सफाई कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो. पोलिसांचं म्हणणं असं, की कांबळेच्या गाण्याने कामगारांना गटारात उतरून जीव द्यायला सांगितलं आणि पवारने तसं केलं. आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा. मग तारखा. मध्ये जामीन, मग दुसरी अटक, या वेळी यूएपीए. मग उन्हाळ्याची सुट्टी.

परदेशातल्या परीक्षणांमध्ये 'ॲब्सर्ड' आणि 'काफ्का' हे शब्द सारखे दिसतात. मला तो काफ्का काही केल्या सापडला नाही. आमच्या नानांसोबत (माझे चुलते, बांधाच्या दाव्यापायी सटाण्याच्या खेपा घालून चपला झिजलेला माणूस) मी एकदा हा चित्रपट बसून पाहिला. वीसेक मिनिटांनी ते म्हणाले, "यामा पिक्चर काय शे? हाई ते आपलं सटाणानं कोर्ट शे." आणि मग उठून गेले नाहीत, शेवटपर्यंत पाहत बसले. बिनबाह्यांचं ब्लाउज घातलं म्हणून एका बाईची केस न्यायाधीश ऐकतच नाहीत, पुढची तारीख देतात, तिथे नाना हसले. पोलिसांचा साक्षीदार याआधीही पोलिसांच्याच दुसऱ्या केसेसमध्ये साक्षीदार होता हे बचावाचा वकील दाखवून देतो, तिथे त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्या दाव्याची पुढची तारीख हल्ली मीच ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघून देतो. स्क्रीनवर सगळं नीटनेटकं असतं: केस नंबर, टप्पा, पुढची तारीख. माझ्या धंद्यातल्या कुणीतरी चांगलं काम केलंय. तारीख मात्र पुढेच जाते.

म्हणजे विसंगती हा 'कोर्ट'चा मुख्य विषय नव्हे असं माझं मत आहे. कोर्टातली दिरंगाई, जुने कायदे, कंटाळलेले न्यायाधीश हे सगळं तर नानांनाही ठाऊक होतं. चित्रपट वेगळा होतो तो कोर्ट सुटल्यावर. कॅमेरा वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या मागे घरी जातो. बचावाचा वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर, चित्रपटाचे निर्मातेही तेच) सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घेतो, आईवडिलांच्या घरी लग्नाच्या विषयावरून कातावतो. नूतन सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीय तरुणाला मराठी बाप घराबाहेर काढतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. तीही हसते, मुलंही हसतात. न्यायाधीश सदावर्ते सुट्टीत नातेवाईक-शेजाऱ्यांचा गोतावळा घेऊन रिसॉर्टवर जातात, आणि मूल बोलत नाही म्हणून काळजीत पडलेल्या बापाला डॉक्टरच्या जोडीला नाव बदलण्याचा आणि खड्याचा सल्ला देतात.

ही दृश्यं 'माणसं म्हणून ती कशी आहेत' हे दाखवण्यासाठी आहेत असं बहुतेक परीक्षणं म्हणतात. मला वाटतं ताम्हाणे त्याहून कठोर काहीतरी म्हणताहेत. कुठलं गाणं चिथावणीखोर, कुठला माणूस बाहेरचा, कुणाचे कपडे बेअदबीचे, हे ठरतं त्या नाट्यगृहात आणि त्या रिसॉर्टवर. सकाळी अकरा वाजता कोर्टात त्याला फक्त कलम जोडलं जातं. नूतन कोर्टात कायदा वाचून दाखवते तेव्हा तिचा आवाज सपाट असतो, कारण तिच्या मनात वादच उरलेला नाही. तो मिटलाय आधीच, आपल्या माणसांत, हसतखेळत.

हे मला एवढं लागण्याचं कारण नामपूर आहे. बाहेरच्याला आमचं गाव म्हणजे मोसम नदी, कांद्याचे लिलाव, डाळिंबं. राहणाऱ्याला ते म्हणजे माणसं. पुण्यात माझ्या मजल्यावर कोण राहतं मला ठाऊक नाही. नामपुरात कुणाच्या घरी पाहुणे आले ते चहा उकळायच्या आत गल्लीला कळतं. मौत झाली तर सांगावं लागत नाही, लोक येतात, खांदा देतात, तेराव्यापर्यंत घरातली चूल पेटू देत नाहीत. हे मी पाहिलंय आणि याची किंमत मी कमी लेखणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलाने व्हॉट्सॲपला एक स्टेटस ठेवलं. मिरवणुकीच्या डीजेवर खर्च होतो त्यात वाचनालय झालं असतं, अशा अर्थाचं, जरा तिरकस. संध्याकाळी चार मोठी माणसं त्याच्या घरी आली. आवाज चढला नाही. चहा झाला. "तुला आम्ही लहानपणापासून पाहतो" असं म्हणून झालं. मग त्यांच्यापैकी एकाने मोबाइल धरला आणि मुलाने हात जोडून माफी मागितली, व्हिडिओ ग्रुपवर गेला, खाली फुलांचे आणि नमस्काराचे इमोजी आले. पोलीस नाही, कलम नाही, तारीख नाही. त्या चौघांतले दोघे त्याच्या आजोबांचे खांदेकरी होते. संविधानाच्या १९व्या कलमाचं उल्लंघन झालं म्हणावं तर कुणाविरुद्ध म्हणावं? सरकार त्या बैठकीत नव्हतंच.

महाराष्ट्राला या संध्याकाळच्या कोर्टाची ओळख नाही असं नाही. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्नावरून एका मुलीचा बापानेच खून केला, त्यातून जातपंचायतीचा जाच पुढे आला आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. चांगला कायदा आहे. पण त्याला बहिष्कार दिसला तर पकडता येतो. चहा पिऊन घेतलेली माफी त्याच्या व्याख्येत कशी बसवणार?

मोसम आमच्याकडून पुढे मालेगावात जाते आणि गिरणेला मिळते. ८ सप्टेंबर २००६ला मालेगावात स्फोट झाले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नऊ मुस्लिम तरुणांना धरलं गेलं. ओट्यावरच्या मोठ्या माणसांचं बोलणं मला आठवतं, "काही केल्याशिवाय कोणी धरतं का?" त्या नऊपैकी सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर एक जण हयातही नव्हता. त्या दिवशी ओट्यावर कुणी तो विषय काढल्याचं मला आठवत नाही. त्या ओट्याचा निकाल २००६ मध्येच लागला होता, आणि तिथे अपिलाची सोय नव्हती.

व्होरा कोर्टात ज्याच्याशी झगडतो त्या कायद्याबद्दल एक गोष्ट मी प्रोग्रॅमर म्हणून सांगू शकतो. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात ताकदवान गोष्ट म्हणजे डिफॉल्ट. वापरणाऱ्याने काहीच केलं नाही तर काय होईल, ते. बहुतेक लोक सेटिंग बदलतच नाहीत. फौजदारी कायद्यात तत्त्वतः डिफॉल्ट 'बाहेर' असायला हवं. यूएपीएच्या ४३डी(५)ने तो उलटा केला: आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. आरोपपत्राला नव्वदऐवजी एकशेऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. आता कुणी दुष्टपणा करायची गरज नाही. सगळ्यांनी फक्त आपापली सुट्टी घ्यायची, मुलांना शाळेतून आणायचं, पुढची तारीख द्यायची. माणूस आतच राहतो. कबीर कला मंचाच्या सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनाबाहेर स्वतः पोलिसांच्या हवाली झाले होते एप्रिल २०१३ मध्ये. 'कोर्ट' याच्या मधल्या काळातला चित्रपट आहे. कल्पनेची फार मदत ताम्हाणेंना घ्यावी लागली नसावी.

कधीकधी तर वास्तवानेच चित्रपटाची नक्कल केली. व्होरा कोर्टात एका पंथाबद्दलच्या पुस्तकाचा उल्लेख करतो, तर त्या पंथाचे लोक हॉटेलबाहेर त्याच्या तोंडाला काळं फासतात. चित्रपट लागून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, ऑक्टोबर २०१५ मध्ये, मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनावरून सुधींद्र कुलकर्णींच्या चेहऱ्यावर शाई ओतली गेली. चित्रपटातलं पुढचं दृश्य मात्र शुद्ध ताम्हाणे: व्होरा पार्लरमध्ये बसून फेशियल करून घेतोय. लोक इथे हसतात. मला तिथे त्याचं एकटेपण दिसतं. त्याच्याकडे पैसा आहे, शिक्षण आहे, बाजू खरी आहे, पण त्याच्या मागे टाळ्या वाजवणारं प्रेक्षागृह नाही. ते नूतनकडे आहे.

माझी तक्रार एकच आहे, आणि ती लहान नाही. न्यायाधीशाचं रिसॉर्ट, वकिलांची घरं हे सगळं पाहिल्यावर नारायण कांबळेचं घर आपण पाहत नाही. तो मुलांना शिकवताना दिसतो, मंचावर दिसतो, पिंजऱ्यात दिसतो, छापखान्यात दिसतो. जेवताना, झोपताना नाही. कायद्याला त्याचं घर दिसत नाही म्हणून चित्रपटही दाखवत नाही, असा बचाव करता येईल, मी तो मित्रांशी वाद घालताना स्वतःच केलाय. पण मग त्याची संध्याकाळ कुठे गेली? त्याची माणसं कोण? कार्यक्रमाला जमलेली वस्ती त्याच्या अटकेनंतर आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. समूह फक्त गळचेपी करतो असा त्यातून समज होतो, आणि तो अर्धवट आहे. संभाजी भगतांची गाणी अशाच समूहातून आलेली आहेत. कांबळेचं काम करणारे वीरा साथीदार नागपुरातले कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. ज्या माणसाचं सगळं आयुष्य वस्तीत आणि चळवळीत गेलं, त्यालाच पडद्यावर वस्तीशिवाय उभं केलंय.

वासुदेवच्या बायकोचं तसं नाही. उषा बानेंनी ती भूमिका केली, आणि त्या प्रत्यक्षातही गटार सफाई कामगाराच्या विधवा होत्या. साक्षीत ती सांगते, नवरा उतरण्याआधी आत खडा टाकून बघायचा. झुरळ वर आलं तर हवा आहे, नाही आलं तर गॅस. मास्क नाही, बूट नाही, गॅसने एक डोळा आधीच गेलेला, आणि वास सहन व्हावा म्हणून दारू. गाण्याचा यात संबंधच उरत नाही. साक्ष झाल्यावर व्होरा तिला आपल्या गाडीतून घरी सोडतो. उतरताना पैसे देऊ करतो. ती घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. सर्वोत्तम वकील, चांगला माणूस, मोठी गाडी. काम त्याच्याकडे नसतं. ती चालत गल्लीत जाते आणि कॅमेरा तिच्या मागे जात नाही.