कोट कुणाचा, चाचणी कुणासाठी?

पावसाळ्यात स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. रेनकोट खांद्यावर आणि पाठीवर नीट काम करतो, भिजतं ते बसायच्या जागी. भर पावसात उभं राहून आत न आलेलं पाणी ओल्या सीटवर दहा मिनिटं बसलं की पँटपर्यंत पोचतं. कापड तेच, पाणी तेच. बदलला तो फक्त दाब.

बेघर लोकांसाठीच्या हिवाळी कोटांचं कापड कसं तपासावं, हा प्रश्न मला इथूनच सुरू करावासा वाटतो. या विषयातला सगळ्यात चर्चेतला कोट डेट्रॉइटचा. वेरोनिका स्कॉट ही तिथे डिझाइन शिकत होती. खरी गरज भागवेल अशी वस्तू करा, असं असाइनमेंट होतं आणि त्यासाठी २०१० मध्ये ती बेघरांच्या निवाऱ्यात जाऊ लागली. त्यातून जो कोट झाला त्याच्या पायाकडचा भाग उघडला की स्लीपिंग बॅग होते, आणि अंगात नसेल तेव्हा तो पिशवीसारखा खांद्याला अडकवता येतो. पुढे 'द एम्पॉवरमेंट प्लॅन' ही संस्था उभी राहिली. कारहार्टने कापड दिलं. जनरल मोटर्सने गाड्यांमध्ये आवाज शोषायला वापरतात त्या मटेरियलचे उरलेले तुकडे दिले, ते अस्तराच्या आत ऊब धरायला गेले.

कल्पना सुंदर आहे, आणि माझी तक्रार कोटाबद्दल नाही. तक्रार आहे ती अशा कापडांचे तक्ते करून 'सर्व चाचण्यांत उत्तीर्ण' असं लिहून मोकळं होण्याच्या आपल्या सवयीबद्दल. मी 'आपल्या' म्हणतोय, कारण माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात असाच तक्ता होता. गाईडनी तो वाचला आणि विचारलं, "हा माणूस उभा आहे की आडवा?"

मला प्रश्नच कळला नव्हता.

पाणी अडवण्याची नेहमीची चाचणी म्हणजे आयएसओ ८११. कापडाचा १०० चौरस सेंटिमीटरचा भाग घट्ट पकडायचा, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, आणि तीन ठिकाणी थेंब दिसले की तो दाब नोंदवायचा. उत्तर पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मिळतं. समजा कापड १५०० मिलिमीटरला उतरलं. पडणाऱ्या पावसासाठी हे बऱ्यापैकी आहे. आता माणूस ओल्या फुटपाथवर कुशीवर झोपला, आणि त्याचं २५ किलो वजन कंबरेखालच्या तळहाताएवढ्या जागेवर, म्हणजे साधारण त्याच १०० चौरस सेंटिमीटरवर आलं असं धरा. दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो. पाण्याच्या भाषेत अडीच मीटरचा स्तंभ, म्हणजे २५०० मिलिमीटर. हिशोब ढोबळ आहे. पाणी बाजूला निसटलं तर दाब कमी भरेल. पण 'उत्तीर्ण' कापड नेमकं झोपायच्या जागी नापास होऊ शकतं, एवढं कळायला तो पुरेसा आहे.

ऊबेचं प्रकरण याहून अवघड. कपड्याची ऊब मोजायचं एकक क्लो. एक क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट, साधारण एका सुटाएवढी ऊब. सावकाश चालणारा माणूस त्वचेच्या दर चौरस मीटरमागे अंदाजे ११६ वॅट उष्णता तयार करतो, झोपलेला जेमतेम ४६. यातली पाऊण उष्णता कपड्यांतून जाते आणि त्वचा ३३ अंशांवर राहायला हवी असं मानलं, तर शून्य अंशाला चालणाऱ्याला बाहेरच्या हवेच्या थरासकट सुमारे अडीच क्लो लागतात आणि झोपलेल्याला सहा. डेट्रॉइटच्या जानेवारीतल्या रात्री तर शून्याच्याही खाली असतात. म्हणजे दिवसाचा कोट आणि रात्रीची बॅग या उष्णतेच्या हिशोबात दोन वेगळ्या वस्तू आहेत, जरी शिवण एकच असली तरी. एका आकड्याने दोघींचं वर्णन होत नाही.

शिवाय ऊब धरते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. अंगाखाली तोच थर दबतो, हवा निघून जाते आणि जमीन थेट उष्णता ओढते. मग स्लीपिंग बॅगचं मानक वापरू, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं होतं. आयएसओ २३५३७ मध्ये गरम केलेला पुतळा बॅगेत झोपवतात, ही पद्धत खरंच चांगली आहे. पण पुतळ्याखाली मॅट असते! आणि हिशोबातला 'प्रमाण पुरुष' २५ वर्षांचा आणि ७३ किलोचा, 'प्रमाण स्त्री' २५ वर्षांची आणि ६० किलोची. मानक लिहिणाऱ्यांची यात चूक नाही. त्यांच्यासमोर गिर्यारोहक होता. चूक आपली. पन्नाशीतल्या, अर्धपोटी, पुठ्ठ्यावर झोपणाऱ्या माणसाच्या जागी आपण तो गिर्यारोहक ठेवतो आणि तक्त्याखाली तळटीपही देत नाही.

घामाबद्दल थोडक्यात. कापडातून वाफ किती जाते ते आयएसओ ११०९२ मध्ये मोजतात तेव्हा तापलेली प्लेटही ३५ अंशांवर आणि हवाही ३५ अंशांवर. मोजमाप स्वच्छ यावं म्हणून हे ठीक आहे. थंडीत मात्र तीच वाफ बाहेरच्या गार थरात पोचण्याआधी आतच पाणी होते, अस्तर ओलं होतं. अमेरिकेतल्या काही शहरांत बेघर लोक गरम वाफ येणाऱ्या जाळ्यांवर झोपतात. तिथे तर बाहेरूनही ओल येते, आणि पहाटे उठून चालू लागलं की ती गार पडते. म्हणून कोट वाळायला किती वेळ लागतो, हे मला पाणी अडवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि मळ. कापडावरून पाण्याचे थेंब ओघळून जावेत म्हणून जे फिनिश देतात, ते धुळीने आणि अंगाच्या तेलकटपणाने निकामी होत जातं. ते परत जागं करायला कोट धुवावा लागतो, मग ड्रायर नाहीतर इस्त्रीची ऊब द्यावी लागते. ज्याच्याकडे घर नाही त्याच्याकडे इस्त्री कुठली? आपण मात्र नमुना कोरा तपासतो, फार तर पाच-दहा धुण्यांनंतर. या कोटाचा प्रश्न उलटा आहे: एकदाही न धुता शंभर रात्रींनंतर काय होतं?

ते पाहायचं तर वापरलेले कोट हवेत. इथे माझं काम सध्या अडलंय. जानेवारीत माणसाच्या अंगावरचा कोट चाचणीसाठी मागायचा कसा? बदल्यात नवा दिला तर जुना चांगला चालत असूनही लोक तो देतील, मग नमुना कशाचा प्रतिनिधी मानायचा? मार्चपर्यंत थांबलं तर ज्यांचे कोट सगळ्यात आधी फाटले, भिजून फेकले गेले किंवा चोरीला गेले, ते हाती येणारच नाहीत. नैतिकता समितीच्या अर्जातला तो रकाना मी तीनदा लिहून खोडलाय.