वर्ष पहिलं

महाक्षत्रप ईश्वरदत्ताची ओळख अभ्यासक बहुतेकदा एका शब्दात उरकतात: बंडखोर. मराठीत याहून झोंबणारा शब्द आहे, उपटसुंभ. निकाल देण्याआधी त्याचं नाणं एखाद्या लेखासारखं वाचून बघायला हवं.

पश्चिम क्षत्रपांचं चांदीचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि डोक्यामागे शक साल. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य आणि कडेने ब्राह्मी मजकूर: राजाचं नाव, पदवी, शिवाय बापाचं नाव आणि त्याची पदवी. म्हणजे अर्धा मजकूर बापाचाच. उमरग्याच्या तहसीलमध्ये अर्ज भरतानाही बापाचा रकाना चुकत नाही.

ईश्वरदत्ताने चेहरा, डोंगर, 'राजा महाक्षत्रप' ही पदवी सगळं तसंच ठेवलं. फक्त बापाचं नाव काढलं आणि त्या जागी अक्षरांत लिहिलं, वर्ष पहिलं. पुढच्या नाण्यांवर वर्ष दुसरं. तिसरं सापडत नाही.

रोमच्या डॅन्यूब सरहद्दीवर इ.स. २४८च्या सुमारास पॅकेशियनने बंड केलं. त्याच्या चांदीच्या नाण्यावर शाश्वत रोमचं १००१वं वर्ष कोरलंय. थोड्याच काळात त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. पॅकेशियन जुन्या मोजणीला धरून सांगतो, मी तुमचाच. ईश्वरदत्त काउंटरच रिसेट करतो, बाकी सिस्टीम मात्र जुनीच वापरतो.

इथे हे नाणं मला कच्चं वाटतं. सगळा साचा उसना घेऊन 'पहिलं' म्हणणं पुरेसं पटत नाही. त्याची किंमतही त्याने मोजली. पॅकेशियनचं साल नाण्यावरच वाचता येतं. ईश्वरदत्ताला मात्र देवदत्त भांडारकर इ.स. १८८च्या आसपास ठेवतात, तर रॅप्सन थेट २३०च्या दशकात.

तरीही 'बंडखोर' हा शिक्का मला मान्य नाही. ज्या चष्टनापासून हे क्षत्रप घराणं सुरू झालं, त्याच्या नाण्यांवर बापाचं, झामोतिकचं, नाव आहे; पण त्या नावाला कुठलीच पदवी नाही. म्हणजे चष्टनही कुणा राजाच्या पोटचा नव्हता. त्याचं घराणं टिकलं म्हणून तो मूळपुरुष ठरला. ईश्वरदत्ताकडे दोनच वर्षं होती.